दुसऱ्याचा ऊस

आमच्या घरात दोन पिढ्या गूळ करण्यात गेल्या, पण आमच्या नावाची गुळाची पट्टी शोधायला गेलं तर घरात फारशी सापडणार नाही. पट्टी म्हणजे कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या अडत्यानं दिलेला हिशेबाचा कागद. किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आले, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती कापली आणि शेवटी हातात किती पडले, हे सगळं त्यावर असतं. वर नाव ऊसवाल्याचं. रात्रभर काहिलीपाशी उभा राहून ज्यानं तो गूळ उतरवला, त्या गुळव्याचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं. आजोबा गुळवे होते, वडील, म्हणजे आबा, गुळवे. दोघांनी मिळून किती रवे थापले असतील याचा अंदाजही कुणी बांधला नाही. कारण त्यातला जवळजवळ एकही त्यांचा नव्हता.

गुऱ्हाळाबाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागतं. गुऱ्हाळ असतं एकाचं. त्याचा घाणा, त्याचं चुलवाण, त्याची काहील. ऊस असतो दुसऱ्याचा. गावातले आणि आसपासच्या वाड्यांतले शेतकरी पाळीपाळीनं ऊस घेऊन येतात. आणि गूळ करणारा असतो तिसराच. दसऱ्याच्या आधी उचल घेऊन तो हंगामाला बांधला जातो आणि आधणामागं त्याचा हिशेब होतो. एकदा काहील भरली, की तिला एक आधण म्हणायचं. रस उकळून गूळ व्हायला अडीच-तीन तास. एक टन उसाला साधारण 100 ते 120 किलो गूळ पडतो. शेतकऱ्याचं बारा-चौदा महिन्यांचं पीक त्या तीन तासांत एका माणसाच्या हवाली होतं, आणि त्या माणसाचा त्या उसावर काडीचा हक्क नसतो. मी आबांकडून जे काही शिकलो, ते याच अवघडलेल्या जागेवरून शिकलो.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला, करवीर तालुक्यात. राधानगरीचं धरण वर आहे म्हणून इकडं उन्हाळ्यातही नदीला पाणी, आणि पाणी आहे म्हणून ऊस. ते धरण शाहू महाराजांनी मनावर घेतलं होतं. पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. गुळाला पेठ मात्र त्यांनी फार आधी, 1895 साली, शाहूपुरीत वसवून दिली. आजोबा तरुणपणी बैलगाडीतून त्या पेठेत गूळ पोचवायचे. पहाटे निघायचं, नदी ओलांडायची, उजाडल्यावर पेठेत. गाडीतला गूळ दुसऱ्याचा, बैलही दुसऱ्याचेच. आजोबांच्या तोंडी त्या पेठेच्या वर्णनात दुकानं, इमारती कमी आणि माणसं फार असायची. कुठला अडत्या रवा फोडून बघायचा, कुठला नुसता नखानं खरवडायचा, कुणाला जिभेवर ठेवूनही कळायचं नाही तरी मान डोलवायचा. त्यांच्या वेळी घाण्याला बैल होते. आबांच्या हाताखाली इंजिन आलं, मग मोटर. घाण्याचं सगळं पालटलं. काहिलीपाशी मात्र फार काही पालटलं नाही.

शाळा सुटली की मी गुऱ्हाळावर. पोरांना तिथं रस फुकट, काकवी फुकट, निववायच्या वाफ्यातला गरम गूळ पळसाच्या पानावर फुकट. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, ही रीत आमच्याकडं कुणी लिहून ठेवलेली नाही, पण मोडलेलीही मी पाहिली नाही. रस्त्यानं जाणारी एसटी थांबवून ड्रायव्हर-कंडक्टर रस पिऊन गेलेले मला आठवतात. गाडीतल्या लोकांचीही त्याला हरकत नसायची, कारण तेही उतरलेले असायचे.

खेळून दमलो की आबांच्या मागं उभा राहायचो. ते काही शिकवायचे नाहीत. रस तापायला लागला की भेंडीचं पाणी टाकायचे. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात कालवली, की बुळबुळीत पाणी निघतं. ते रसात पडलं की सगळी घाण धरून वर येते. ती मळी. लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत राहायची, अगदी तळ दिसेल इतका रस निवळेपर्यंत. चुन्याची निवळी कधी, किती, हे रसाच्या रंगावर. उकळी वर चढून ऊतू जायला लागली की तेलाचं बोट. मग खरं काम. बुडबुडे आधी मोठे असतात, मग बारीक होतात, मग काहिलीच्या मध्यभागी जड, आळशी, पिवळट असे फुटायला लागतात. आबा पळीनं थोडा पाक गार पाण्यात टाकत, बोटांनी गोळी वळत आणि ती काहिलीच्या काठावर मारत. ठण्‌ असा आवाज आला की हात वर. हात वर झाला की जळव्या चुलवाणातला जाळ ओढून घ्यायचा आणि बाकीची माणसं कड्यांत दांडे घालून काहील वाफ्याकडं ओढायची. त्या घटकेला थांबून चालत नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपतो, दोन मिनिटं घाई झाली तर रवा बसत नाही.

पुढं रसायनशास्त्र शिकलो तेव्हा पुस्तकात वाचलं, की काकवी 105-106 अंशांना उतरवावी आणि गूळ 118 च्या आसपास. एका हंगामात मी थर्मामीटर घेऊन गेलो. आबांनी हात वर केला तेव्हा पारा 118 च्या अगदी जवळ होता. मी हरखून त्यांना दाखवला. त्यांनी बघितला, आणि म्हणाले, ‘‘बरं हाय. पर ह्यो ऊस कुणाचा, ते सांगतंय का ह्ये?’’

तेव्हा मला ते नुसतं तिरकस बोलणं वाटलं. खरं तर आबांचं निम्मं काम काहील चढायच्या आधीच झालेलं असायचं, आणि ते मी कधी बघितलंच नव्हतं. कारण ते गुऱ्हाळावर व्हायचंच नाही. ज्याची पाळी उद्या-परवा आहे, त्याच्या फडात ते आदल्या दिवशी संध्याकाळी एकटे जायचे. नंतर नंतर मला घेऊन जायला लागले. बांधावर बसून शेतकऱ्याशी पोराबाळांचं बोलायचं, तंबाखू मळायची, मग उठून सरीत शिरायचं. चार ठिकाणचा ऊस मोडायचा. बुडाजवळचा वेगळा चघळायचा, शेंड्याजवळचा वेगळा. शेंडा आणि बूड यांच्या गोडीत फार फरक असेल तर ऊस अजून पिकला नाही. मग प्रश्न. शेवटचं पाणी कधी दिलंस? युरिया किती टाकलास, आणि कधी? पट्टा चोपण आहे का? तोड कधी लावतोयस, आणि तोडल्यावर गुऱ्हाळावर यायला किती वेळ?

यातल्या एकेका प्रश्नामागं किती शास्त्र आहे, हे मला पुढं पदवीला कळलं. युरिया उशिरा आणि जास्त पडला तर गूळ मऊ आणि काळसर होतो. खारवट जमिनीतला गूळ खारट लागतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातल्या साखरेची फोड व्हायला लागते आणि मग तो रस कितीही आटवला तरी दाणा धरत नाही. आमच्या भागात 86032 जातीचा ऊस सगळीकडं दिसतो, गुळासाठी 92005 चांगला म्हणून कोल्हापूरच्या ऊस आणि गूळ संशोधन केंद्रानं दिलेला. आबांना दोन्हींचा रस कसा वागतो ते ठाऊक होतं, पण त्यांचा भरवसा जातीपेक्षा त्या चार प्रश्नांवर. उत्तरं ऐकून झाली की ते काय ते सांगून टाकायचे, तिथंच, बांधावर, फक्त त्या माणसाला. ‘‘आठ दिस थांब.’’ नाहीतर ‘‘खालच्या तुकड्यातला ऊस कारखान्याला घाल, वरचा मला दे.’’ कधी कधी सरळ, ‘‘ह्या उसाचा गूळ करू नगंस. मी करीन, पर तुला पैसं न्हाई व्हायचं.’’

एकदा काहील चढली की मात्र उसाबद्दल अवाक्षर नाही. गुळव्यांच्यात हे सोपं नसतं. गूळ बिघडला की ऊसवाला गुळव्याला बोलतो आणि गुळवा उसाला बोलतो, ही चाल सगळीकडची. दोघांचंही खरं असू शकतं, त्यामुळं भांडण मिटत नाही.

2005 च्या पावसाळ्यात पंचगंगेला मोठा पूर आला. भोगावती फुगली आणि नदीकाठचे फड कित्येक दिवस पाण्याखाली राहिले. पाणी ओसरल्यावर वरून ऊस बरा दिसत होता, पण आतून बिघडलेला. शेंडे कुजले, की ऊस कांड्यांवरच्या डोळ्यांतून फुटायला लागतो आणि स्वतःचीच साखर खातो. त्या हंगामात आबांनी बऱ्याच जणांना बांधावरच नको म्हणून सांगितलं. एकानं ऐकलं नाही. कारखान्याची तोड कधी येईल याचा नेम नव्हता, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, त्याचंही चुकत नव्हतं. ऊस आला, काहील चढली. मी कॉलेजातून आलो होतो आणि मळी काढायला उभा होतो. भेंडीचं पाणी दुप्पट घातलं, चुना जपून घातला, जाळ कमी-जास्त केला. आबांनी त्या आधणावर जेवढी मेहनत घेतली तेवढी चांगल्या उसावर घेतलेली मी पाहिली नाही. वाफ्यात ओतल्यावर गूळ लोळत राहिला. साच्यात भरला तरी रवा धरेना. काढला की बसायचा, पसरायचा.

ऊसवाला सगळ्यांच्या देखत आबांवर तुटून पडला. ‘‘हात गेला तुझा’’ इथपासून सुरुवात झाली आणि पुढं जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. घाण्यावरची माणसं, पुढच्या पाळीचे दोन शेतकरी, जवळच्या वाडीतल्या गुऱ्हाळाचा मालक, सगळे बघत होते. आबा झाऱ्या धूत राहिले. त्या आधणाची मजुरी लावू नको, एवढंच त्यांनी गुऱ्हाळमालकाला सांगितलं.

घरी येताना माझा संयम सुटला. तुम्ही त्याला आधीच सांगितलं होतं, मी साक्षीला होतो, मग चारचौघांत बोलला का नाहीत? आबांनी सायकल हातात धरली होती. त्यांचं उत्तर थोरपणाचं नव्हतं, व्यवहाराचं होतं. ‘‘त्येचा अजून दोन एकर ऊस हुबा हाय. मी तितं तोंड उघाडलं असतं, तर ती वाडीची गुऱ्हाळं हायत का न्हाईत, त्यातलं एक तरी त्यो ऊस घेतलं असतं का? माझं काय, चार दिस बोलतील. त्येचं वरीस जाईल.’’

आई हे ऐकून कौतुक करणारी नव्हती. तिचं म्हणणं वेगळं होतं आणि तेही खरं होतं. गुळव्याची बायको म्हणजे दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत नवरा नाहीच असं धरून चालायचं. बांधावर भेंडी तिनं लावायची, खोडं तिनं कापून ठेवायची, वर पोरांची शाळा, म्हातारीचं दुखणं, अर्ध्या एकराचं रान. त्या आधणाची मजुरी सोडली, असं कळल्यावर ती एवढंच म्हणाली, ‘‘दुसऱ्याचं वरीस वाचलं. आपलं कोण वाचवतंय?’’ आबांकडं याला उत्तर नव्हतं. मला आज विचाराल तर माझ्याकडंही नाही. बापाचे गुण सांगताना त्यांची किंमत घरात कुणी भरली, हे वगळायची आपल्याकडं सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

पदवीनंतर मला पुण्याजवळच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरी लागली. चिक्की, लाडू, तिळाचे पदार्थ. गूळ हा आमचा मोठा कच्चा माल. चिक्कीला लागणारा गूळ कडक, पाक चटकन धरणारा लागतो. मऊ गुळाची चिक्की दुसऱ्या दिवशी चिवट होते. ट्रक यायचा, आम्ही नमुने काढायचो, ओलावा, साखरेचं प्रमाण, राख, गंधकाचा अंश तपासायचो आणि पास की नापास ते लिहायचो. नापास माल परत. कागदावर कारण एका ओळीत. हे काम स्वच्छ होतं, पगार वेळेवर होता, आणि माझा अहवाल सहसा कुणी खोडून काढू शकत नव्हतं.

पण परत जाणाऱ्या ट्रकच्या मागं मला कुणाचा तरी फड दिसायचा. आम्ही सांगत होतो ते सगळं खरं, आणि सगळं नंतरचं. गूळ झाल्यावर, भाडं भरून तो दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर आल्यावर. आबा बांधावर बसून जे सांगायचे, त्याला आमच्या पद्धतीत जागाच नव्हती. मी साहेबांकडं हंगामाआधी गुऱ्हाळांवर जाऊन यायची परवानगी मागितली. आधी नकार मिळाला. खरेदी हे खरेदी विभागाचं काम, आपण तपासायचं. मग एका वर्षी ओळीनं बरेच ट्रक परत गेले, ऐन संक्रांतीच्या तोंडावर आमचा कारखाना थांबला, आणि परवानगी आपोआप मिळाली.

गुऱ्हाळांवर गेलो तेव्हा माझ्या बॅगेत रसाची गोडी मोजायचं यंत्र होतं, हातात चेकलिस्ट होती, पण तोंडातून प्रश्न निघाले ते आबांचेच. शेवटचं पाणी कधी? युरिया किती? तोडून किती वेळ? काही गुळवे वयस्कर होते. ते मला एकदा बघत, एकदा माझ्या बुटांकडं बघत आणि विचारत, कुणाचा तू? वडिलांचं नाव सांगितलं की पुढचं बोलणं वेगळंच व्हायचं. एकानं तर मला चुलवाणामागं नेऊन तो कुठला ऊस घेत नाही, का घेत नाही, सगळं सांगितलं, जे तो खरेदीच्या माणसाला मरेस्तोवर सांगणार नाही. पट्टीवर नसलेलं नाव इथं मात्र चालत होतं.

यानंतर जे झालं ते मला अवघड गेलं. गावाहून येताना आईनं दिलेला गूळ वेगळा आणि आबांनी बाजारासाठी केलेल्या रव्याचा तुकडा वेगळा, असे दोन नमुने मी सहज म्हणून तपासले. आईचा गूळ गडद, बाजारातला सुरेख पिवळा. अन्नसुरक्षेच्या नियमात गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत 70 भागांपेक्षा जास्त चालत नाही. बाजारातला तुकडा त्याच्या वर गेला. कारण मला आकडा येण्याआधीच माहीत होतं. हायड्रॉस, सोडियम हायड्रोसल्फाइटची पांढरी पावडर. रसात टाकली की रंग उडतो आणि गूळ पिवळाधमक दिसतो. आमच्याकडच्या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरातेत, आणि सौद्यात पिवळ्या रंगाला दर. गंमत म्हणजे ही पावडर रंग टिकवतही नाही; साठवला की तोच गूळ पुढं काळवंडतो. पण सौदा तर पहिल्या दिवशीच होऊन गेलेला असतो.

दिवाळीला मी आकडा आबांसमोर ठेवला. आबा आकडा बघून गप्प राहिले. आई मात्र बोलली, ‘‘घरात बिनपावडरीचा आन्‌ बाजारात पावडरीचा, ह्ये मला कवाच पटलं न्हाई. मी सांगून दमले.’’ आबा म्हणाले, ‘‘माझा ऊस असता तर कवाच सोडली असती. दुसऱ्याच्या उसाचा दर मी कसा पाडू? त्येला क्विंटलमागं किती कमी मिळंल, ते तुझ्या यंत्रात दिसतंय व्हय?’’

आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, खाणाऱ्याचं काय? तो कुणाचा कोण? ते म्हणाले, खाणारा पिवळाच मागतो. मी म्हटलं, तो मागतो कारण त्याला ठाऊक नाही. त्या रात्री जेवणं गप्प झाली.

ज्या माणसानं हायड्रॉसच्या बाबतीत मला असं उत्तर दिलं, त्याच माणसानं साखरेच्या बाबतीत मात्र एका रात्रीत हंगाम सोडला होता. ही गोष्ट त्याआधीची. दुसऱ्या गावच्या एका गुऱ्हाळावर ते बांधलेले होते. मध्यरात्री टेम्पो आला, त्यातून साखरेची पोती उतरली. स्वस्त साखर रसात मिसळून गुळाचं वजन वाढवायचा धंदा तेव्हा सुरू झाला होता. आता तो लपूनही राहिलेला नाही. आबांनी झाऱ्या ठेवला आणि पहाटे चालत घरी आले. घेतलेली उचल फेडायला आईच्या पाटल्या गेल्या. मी विचारलं होतं, रंगाची पावडर चालते आणि साखर चालत नाही, हा काय न्याय? म्हणाले, ‘‘पावडर उसाच्या गुळात पडती. साकर टाकली तर ऊस कशाला पायजे, आन्‌ गुळव्या तरी कशाला?’’ प्रयोगशाळेतला माणूस म्हणून मला यात एक कडवट विनोद दिसतो. पावडर आम्ही चटकन पकडतो. साखर पकडणं कठीण, कारण पोत्यातली साखर आणि उसातली साखर एकच. राख कमी भरली तर शंका येते, इतकंच. 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरातली बातमी मी त्यांना वाचून दाखवली. सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, ‘‘पोत्यांचं काय म्हणत्यात त्यात?’’

हायड्रॉसच्या वादानंतरच्या हंगामात त्यांनी एक गोष्ट केली, मला न सांगता. आमच्या अर्ध्या एकरातला ऊस, जो एरवी कारखान्याला जायचा, तो गुऱ्हाळावर आणला आणि त्याचा गूळ बिनपावडरीचा केला. भेंडी, चुन्याची निवळी आणि तेल, बस. रवे सौद्याला गेले. पिवळ्या गुळापेक्षा क्विंटलमागं काही शे रुपये कमी मिळाले. त्या वर्षी आमच्या नावाची पट्टी आली. आबांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि पुढच्या वर्षी प्रत्येक बांधावर नेली. पाणी कधी दिलंस, युरिया किती टाकलास, हे विचारून झालं की पट्टी काढायची. ‘‘पावडर टाकली तर ह्यो दर, न्हाई टाकली तर ह्यो. माझ्या उसाचं हाय, बगून घे. तू सांगशील तसं करतो.’’

कुणी हो म्हटलं, बऱ्याच जणांनी नाही म्हटलं. नाही म्हणणाऱ्याला त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पावडर टाकायची झाली तर मात्र ती मुठीनं टाकायची बंद केली. गुऱ्हाळमालकाकडून छोटा तराजू मागून घेतला आणि मापानं टाकायला लागले. माप किती, हे मी काढून दिलं होतं. एवढं माझं त्यांनी ऐकलं.

मला ते अजूनही पुरेसं वाटत नाही. नियम हा नियम आहे, तो ऊसवाल्याला विचारून पाळायचा नसतो, असं माझं मत आहे आणि मी ते सोडलेलं नाही. पण हेही दिसतं, की माझ्या अहवालांनी इतक्या वर्षांत जेवढा गूळ बिनपावडरीचा झाला नसेल, तेवढा त्या एका पट्टीनं आमच्या भागात करून दाखवला. कारण तोटा आधी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि मग आकडा दुसऱ्यापुढं ठेवला होता. मी आकडा ठेवत होतो; माझ्या पगाराला त्याची झळ नव्हती.

आता आबा काहिलीपाशी उभे राहत नाहीत. गुडघे गेले. गुऱ्हाळंही कमी झाली. माणसं मिळत नाहीत, रात्रपाळीला तर नाहीच नाही, आणि गुळव्याचा पोरगा गुळवा होत नाही, त्याला मीच पुरावा आहे. तरी हंगामात त्यांना फोन येतात. तरुण गुळवे व्हिडिओ कॉल करून काहिलीतला फेस दाखवतात. आबांची नजर आता अधू आहे, ते म्हणतात फोन काहिलीजवळ धर, आवाज ऐकव. आणि मग पहिला प्रश्न तोच, ऊस कुणाचा हाय?

गेल्या वर्षी त्यांनी मला कामाला लावलं. म्हणाले, ‘‘तुझी कंपनी बिनपावडरीचा गूळ मागती. पर दर काय देणार ते गूळ झाल्यावर सांगती. आधी सांगा की. हंगामाआधी दर बांधून द्या, मग मी बगतो कोन न्हाई म्हणतंय.’’ मी तसा प्रस्ताव लिहिला. दसऱ्याआधी दर जाहीर करायचा, ठरावीक गुऱ्हाळांकडून घ्यायचं, तपासणी गुऱ्हाळावर आणि नापास झाला तर कारणासकट त्याच दिवशी कळवायचं. साहेबांना पटला. वरच्या साहेबांना आकडे हवे होते, ते दिले. सध्या फाइल खरेदी विभागात आहे. दर रविवारी आबांचा फोन येतो. तब्येतीचं मी विचारतो, ते दराचं विचारतात. मागच्या रविवारी जरा वैतागलेच होते. म्हणाले, दोघा-तिघांनी ऊस राखून ठेवलाय, कारखान्याची नोंद केलेली नाही, त्यांना मी काय सांगू ते सांग. आठवडाभरात कळवतो म्हटलं. ‘‘कळवतो न्हाई,’’ आबा म्हणाले, ‘‘ईऊन सांग. त्येंच्या बांधावर.’’